शनिवारचं तेल

मी कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं. चार थेंब. दोन मधल्या खुंटीला, दोन आतल्या चकतीवर, आणि मग धोतराच्या मऊ फडक्यानं ती चकती पुसून काढली.

हे ऐकलं की लोक विचारतात, "का?" त्याला माझ्याकडे उत्तर आहे, आणि त्या दिवशी ते मला अगदी पुरेसं वाटलं होतं. त्या दिवशी शनिवार होता.

कर्जतला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझ्या थोरल्या बहिणीचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सात इंग्रजी मशीनं, तीन मराठी. दर शनिवारी शेवटची बॅच गेली की दहाही मशीनं आडवी करायची, ब्रशनं धूळ काढायची, अक्षरांच्या खोबणीत साचलेली शाई टाचणीनं कोरायची, आणि जिथं जिथं काही हलतं तिथं एकेक थेंब तेल सोडायचं. आमच्याकडे शनिवारी दोघांना तेल मिळायचं, मारुतीला आणि मशीनला. मारुतीचं ताई बघायची, मशीनचं मी.

मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हंगामी कारकून होतो. बॉयलर विझला की आम्हाला घरी पाठवत, आणि पुन्हा पेटेपर्यंत आम्ही आपापल्या घरच्यांना पुरत असू. हंगामी म्हणजे अर्धं वर्ष कारकून आणि अर्धं वर्ष नुसता भाऊ. हे अर्धं वर्ष मी ताईकडे काढायचो. काम म्हणाल तर शनिवारचं तेल. बाकी सहा दिवस मी आतल्या खोलीत सतरंजीवर पडलेला असे.

बाराच्या एसटीनं वाड्यावस्त्यांवरच्या मुली यायच्या आणि साडेबाराला दहाही मशीनं एकदम सुरू व्हायची. या कडकडाटात झोप लागते कशी, असं पाहुणे विचारत. मला त्याच्याशिवाय लागायची नाही. डोळे मिटले की लांबच लांब काहीतरी उजवीकडून डावीकडे निघालेलं दिसायचं, मग टिंग अशी घंटी, मग खर्र करून सगळं परत आपल्या जागी. त्यातली कुठली घंटी कुणाच्या मशीनची हे मला झोपेतही कळे. एखादी मुलगी मध्येच थांबली तर मी जागा व्हायचो, जसा पंखा बंद पडला की माणूस जागा होतो. चार-साडेचारला आवाज एकेक करून मिटत जायचे, मुली पाचची एसटी गाठायला पळायच्या, आणि खोलीत नुसता कार्बनचा वास उरायचा. असे माझे कितीतरी महिने गेले. ते मी वाया घालवले असं ताई म्हणते. मला अजून तसं वाटत नाही.

त्या वर्षी मेन रोडवर कॉम्प्युटर क्लास निघाला. काचेचं दार, निळे पडदे, आणि चपला बाहेर काढायच्या. चपलांचा तो ढीग बघूनच गावातली पोरं तिकडं वळली. मग वाड्यांवरही तेच सुरू झालं, की टायपिंगला आता कोण विचारतंय. पण त्या क्लासच्या बॅचा पहाटे आणि संध्याकाळी. आमच्या मुली बाराच्या एसटीनं येणाऱ्या आणि पाचला परतणाऱ्या. त्यांच्यासाठी तो क्लास असून नसल्यासारखाच. ताईची खोली बंद झाली असती तर त्या दुसरीकडे शिकायला गेल्या नसत्या. घरी बसल्या असत्या आणि पुढच्या मार्गशीर्षात एकेकीचं लग्न लागलं असतं.

उरलेल्या मुली होत्या सात. ताई त्या सातही घरी जाऊन आली. भाद्रपदातल्या उन्हात, छत्री घेऊन, कधी एसटीनं, कधी कुणाच्या दुधाच्या गाडीवर. सगळ्यांना तिनं एकच शब्द दिला, "दसऱ्यापासून आमच्याकडंही कॉम्प्युटर असेल. मुलगी काढू नका." आणि घरी येऊन पाय धुता धुता मला म्हणाली, "तुमच्या कारखान्यात एक जुना पडलाय म्हणाला होतास ना?"

मी गप्पांच्या ओघात म्हणालो होतो. मी बरंच काही गप्पांच्या ओघात म्हणतो.

पण पडलेला होता, हे खरं. ऑफिसात नवे आले तेव्हा जुना स्टोअरमध्ये गेला होता, फाटक्या पोत्यांच्या थप्पीमागं. चिठ्ठी द्यायला साहेबांनी मान वर करून पाहिलंही नाही. "ने बाबा. भंगारवाला नको म्हणाला त्याला." स्टोअरमध्ये शिरलो तर बाहेरचं ऊन आत येताना पिवळं होऊन येत होतं. मळीचा वास तिथल्या भिंतींत मुरलेला. हंगाम नसताना कारखाना इतका गप्प असतो की कबुतराच्या पंखांचाही आवाज येतो. पोत्यांमागं तो पांढरा डबा बसला होता, आता पांढरा नसलेला, आणि त्याच्यावर उसाच्या चिपाडांचा बारीक भुसा साय धरल्यासारखा.

काळी-पिवळी जीप ठरवून आणला. डबा गोधडीत, मॉनिटर माझ्या मांडीवर, तोंड माझ्याकडे. रस्ताभर त्या काळ्या काचेत मी, आणि माझ्या डोक्यामागून उलट्या पळणाऱ्या बाभळी. मला वाटलं हा चालू नसतानाही काहीतरी दाखवतोय.

आणि तो चालू झाला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल तो आला तोच मेलेला होता. नाही. तो जिवंत आला होता. बटण दाबलं, आत पंखा फिरला, मग एक सुकी, दमेकऱ्यासारखी कुरकुर झाली, बराच वेळ चालली, आणि काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उगवली. ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "गूळ कोण जाळतंय?" डबा तापला की आतला भुसा तापायचा आणि खोलीभर गाळपाचा वास सुटायचा. पडद्यावर कारखान्याच्या कुठल्याशा जुन्या हंगामाची यादी आली. उसाच्या गाडीचा नंबर, तोडणीच्या टोळीचा नंबर, वजन. ओळी एकामागून एक वर सरकत होत्या. ताई पदराला हात पुसत माझ्यामागं उभी राहिली. दोघं त्या हिरव्या गाड्या जाताना बघत राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही. भात लागला.

"चांगला आहे," ताई म्हणाली. "फक्त कण्हतो फार."

ते वाक्य मी मनावर घेतलं.

दुसरा दिवस शनिवार. ताई घटाच्या सामानासाठी बाजारात गेली होती. दहा मशीनांना तेल घालून झालं. बाटलीत तेल उरलं होतं. कण्हणाऱ्या मशीनचा इलाज ही मला ठाऊक असलेली पृथ्वीवरची एकमेव गोष्ट. मी डबा उघडला. आवाज कुठल्या भागातून येतो ते आदल्या दिवशीच कान लावून हेरून ठेवलं होतं. तो भाग बाहेर काढला. चांगला वीटभर जड होता. त्याच्या स्क्रूवर कागद चिकटवून इंग्रजीत ताकीद दिलेली होती, उघडू नये वगैरे. ताकीद काय, आमच्या टाइपरायटरांवरही होती, आणि ते आम्ही दर शनिवारी उघडत होतो.

झाकण निघालं आणि मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

आत आरसा होता. गोल, थाळीएवढा नाही, बशीएवढा. इतका स्वच्छ आरसा आमच्या घरात कधी नव्हता. खिडकीतून येणारं ऊन त्यावर पडलं आणि छतावर एक गोल उजेड उमटला. मी तो भाग जरा हलवला की उजेड तुळईवरून, घड्याळावरून, कॅलेंडरवरच्या देवीवरून फिरे. आत वाकून पाहिलं तर माझं तोंड, आणि त्या तोंडाच्या मागं कुठंतरी त्या सगळ्या गाड्या असणार. पाच हंगामांच्या. इतक्या गाड्या, इतके बैल, इतकी माणसं, आणि एक ओरखडा नाही. मी नखानं जरासा टोचून पाहिला. थंड होता.

मग चार थेंब. तेल पसरलं तशी त्याच्यावर रंगांची वलयं उठली, निळी, जांभळी, मोरपंखी. ती मी पुसली तर आणखी पसरली. इतकं सुंदर काही मी स्वतःच्या हातानं त्याआधी केलं नव्हतं. नंतरही नाही.

झाकण लावलं, डबा बंद केला, बटण दाबलं. कुरकुर पूर्ण बंद! मी एकटाच खोलीत "वा!" म्हणालो. तेलच मागत होता बिचारा. पाच मिनिटं त्या शांततेचं मी कौतुक करत बसलो. मग लक्षात आलं की शांतता जरा जास्तच आहे. आतून दोनदा टिक् टिक् झालं, पडद्यावर चार आकडे आले, आणि पुढं काही नाही. बंद करून परत लावला. चार आकडे. परत. तेच चार आकडे. ते आकडे मला आजही झोपेतून उठवून विचारले तर सांगेन.

ताई पिशव्या घेऊन आली. "काय रे, झाकून का ठेवलास?"

"तापलाय. विश्रांती देतोय."

तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग तेलाच्या बाटलीकडं पाहिलं, मग कोपऱ्यात घटाची माती मांडायला बसली.

नवरात्र सुरू झालं. घटात धान हळूहळू फुटू लागलं, आणि टेबलावर फडक्याखाली काहीच फुटत नव्हतं. ताई मुलींना शिकवत असताना मी आतल्या खोलीत पडून राही, पण झोप कसली. डोळा लागलाच तर पडद्यावर यादी सुरू व्हायची. टोळी नंबर अमुक, गाडी नंबर तमुक, आणि प्रत्येक गाडी माझ्यापाशी येऊन थांबे, गाडीवान खाली वाकून विचारे, "आमचं वजन कुठंय?" मी खिसे चाचपत जागा व्हायचो. बाहेर घंट्या वाजत असायच्या. सातच घंट्या.

त्याला परत उठवायचे मी जे प्रयत्न केले ते सांगायला हवेत. टिपकागदानं तेल टिपलं. टिपकागदाची लव चकतीला चिकटली. ती काढायला पावडर लावली, ताईची, चंदनाची. तेलकट तोंडाला चालते म्हणून. मग तो उघडा भाग गच्चीवर मिरच्यांच्या शेजारी उन्हात ठेवला, तेल उडून जावं म्हणून. एक कावळा आला. मिरच्यांकडे ढुंकूनही न पाहता तो त्या आरशापाशी गेला, आणि मान एकदा इकडून, एकदा तिकडून वाकडी करून स्वतःला न्याहाळत राहिला. मी त्याला हाकलला नाही. त्यानंतर त्या वस्तूचा कुणालातरी उपयोग झाला तो एवढाच.

सहाव्या माळेला एक गृहस्थ आले. सातांपैकी सगळ्यात वेगवान मुलीचे वडील. त्यांचं विहिरीच्या मोटारी भरायचं दुकान होतं, जळालेल्या मोटारी उकलून नव्या तांब्याच्या तारा गुंडाळायचं. पंचक्रोशीतली यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे बाकीची सहा घरं त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. ते खुर्चीवर न बसता थेट फडक्यापाशी गेले.

"चालू हाय का?"

ताई आत चहा टाकत होती. मी म्हणालो, "आहे तर. सध्या विश्रांती घेतोय."

"मशीन इसावा घेती व्हय?" त्यांनी फडकं उचललं, डब्यावर हात ठेवला, जसा वैद्य ठेवतो. "आवाज कसा काय करतंय?"

"अजिबात करत नाही."

"मंग बरं हाय का वंगाळ हाय?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. त्यांनी नाक डब्याजवळ नेलं आणि दोनदा हुंगलं. मग फडकं परत होतं तसं घातलं. ताई चहा घेऊन आली तेव्हा कप हातात धरून म्हणाले, "बाई, तुमचा शब्द हाय म्हनून थांबलोय. दसऱ्याला सकाळी येतो. चालू दिसलं तर साती पोरी तुमच्याकडं. न्हाई दिसलं तर म्या माझी पोरगी काढनार, आन् बाकीचे मला इचारूनच काय ते करनार, हे तुमाला ठाव हाय."

"या तुम्ही," ताई म्हणाली. "चालू असेल."

ते गेल्यावर ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता विचारणार. ती म्हणाली, "माझी चंदन पावडर पाहिलीस का कुठं?"

अष्टमीला पहाटेच्या गाडीनं मी कारखाना गाठला. तो कॉम्प्युटर पाच वर्षं ज्यानं चालवला तो ऑपरेटर नगरचा, माझ्याच वयाचा, टेबलावर पाय टाकून चहा पीत होता. मी सगळं सांगितलं. म्हणजे आधी सगळं सांगितलं नाही, 'अचानक बंद पडला' एवढंच सांगितलं. त्यानं आकडे विचारले, मी म्हणून दाखवले.

"डिस्क गेली. पण अशी अचानक? काही केलंस का?"

"थोडं तेल घातलं."

त्यानं पाय खाली घेतले. "कुठलं तेल?"

"शिलाई मशीनचं."

"कशात?"

मी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला, दारापर्यंत गेला आणि शेजारच्या खोलीत हाक मारली, "अहो, जरा सगळे इकडं या. हे ऐका." मला ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी पावडरीचाही भाग सांगितला. तेव्हा एकानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुंकू लावलंस का?"

पण तो ऑपरेटर मनाचा चांगला. कपाटातून त्यानं दोन फ्लॉप्या काढल्या, काळ्या, चौकोनी, पापडासारख्या लवचीक. "डिस्कचं विसर. ही पहिली घाल, हिनं तो जागा होईल. मग दुसरी घाल, हिच्यात टायपिंगचा प्रोग्रॅम आहे. त्याला मागचं काही आठवणार नाही. पण जागा होईल. दुमडू नको, भिजवू नको, आणि लोहचुंबकाजवळ नेलंस तर संपलं, पुसून कोऱ्या होतील. आणि तेल..."

"नाही," मी म्हणालो.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फ्लॉप्या छातीशी धरल्या होत्या. बाहेर बाजरी काढणीला आलेली, कणसांवर दुपार झोपलेली. गाडी एका फाट्यावर थांबली आणि चार पोरं दोन भलेमोठे लाऊडस्पीकर घेऊन चढली, कुठल्याशा नवरात्र मंडळाचे. एक त्यांनी मधल्या वाटेत ठेवला. दुसरा माझ्या पायाशी. त्याची पाठ उघडी होती, आणि त्या पाठीत, भाकरीएवढं, काळं, जाडजूड लोहचुंबक.

मी उभा राहिलो. फ्लॉप्या डोक्यावर धरल्या. मग वाटलं डोकंही जवळच आहे. मी हात खिडकीबाहेर काढला आणि जितका लांब जाईल तितका लांब केला.

कंडक्टर आला. "ओ, हात आत घ्या. समोरून ट्रक आला तर हात जाईल."

"आत घेता येत नाही."

"काय हाय हातात?"

"आठवण," मी म्हणालो. माझ्या डोक्यात त्या क्षणी हाच शब्द होता, मी काय करू.

कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं आणि मागच्या सीटवरच्या म्हातारीला म्हणाला, "आज्जे, तू जरा सरकून बस. ह्यो काय नीट वाटंना."

तासभर मी तसा उभा होतो. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे हेच कळेनासं झालं. वारा त्या वर्तमानपत्रात शिरून फडफड करत होता आणि मला वाटत होतं माझ्या हातात एक पाखरू आहे आणि गाडी नाही, तेच मला ओढून कर्जतला नेतंय. बाजरी, बाभळी, पाझर तलावाचं चकाकणारं पाणी, सगळं त्याच्या पंखाखालून मागं जात होतं. पोरं उतरली तेव्हाही मी हात आत घेतला नाही. कंडक्टरनं आत घेतला, धरून.

घरी पोचलो तर लाइट नव्हती, ती रात्रभर आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे मशीनला कुणी बोट लावत नाही. मुलींनी आदल्या दिवशीच मशीनं घासूनपुसून ठेवली होती. ताईनं दहाही मशीनांपुढं रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं, प्रत्येकावर झेंडूचं फूल ठेवलं. मग ताट घेऊन कॉम्प्युटरकडे आली.

"त्या फटीत कुंकू नको," मी घाईनं म्हणालो.

"मला कळतं कुठं काय घालायचं नसतं," ती म्हणाली, आणि वरच्या बाजूला एक फूल ठेवलं. "आज याला हात लावायचा नाही. पूजा झालीय."

म्हणजे फ्लॉप्या चालतात का हे दसऱ्याच्या सकाळपर्यंत कळणार नव्हतं. दिवसभर मी त्या अकरा झेंडूंकडं बघत बसलो. मशीनं गप्प, बोळ गप्प, उदबत्तीचा धूर छताला लागून परत खाली येत होता. मला वाटलं सगळी यंत्रं जागी आहेत आणि माझ्याबद्दल आपसांत काही बोलतायत.

दसऱ्याला ते गृहस्थ आले, धुतलेला सदरा घालून. मागं सातही मुली, दोघींच्या आया, दारात चपलांचा ढीग. चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिली फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. गुळाचा वास सुटला. पडद्यावर तेच चार आकडे आले आणि थांबले. मी डोळे मिटले. मग आतून किर्र, किर्र, किर्र असा एक बारीक आवाज सुरू झाला, शेतातल्या किड्यासारखा. मुली म्हणाल्या, "आलं!" मी डोळे उघडले. काळ्याभोर काचेच्या कोपऱ्यात इंग्रजी ए, दोन टिंबं, आणि त्याच्यापुढं एक छोटी हिरवी रेघ, उघडझाप करणारी. वाट बघत होती.

दुसरी फ्लॉपी घातली. ताई पदर खोचून बसली. वीस वर्षांत तिनं जितके हात तयार केले तितके तालुक्यात कुणी केले नसतील, पण या यंत्रापुढं ती पहिल्यांदाच बसत होती. तिनं बोटं ठेवली आणि परीक्षेचा उतारा सुरू केला, तोंडपाठ, पडद्याकडं न बघता. कडकडाट नाही, नुसती पावलं वाजल्यासारखी टपटप. हिरव्या ओळी उगवत गेल्या. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि नसलेल्या दांड्याला जोरात मागं ढकलायचा. तो हात मॉनिटरच्या कडेवर बसायचा. थप्प. मॉनिटर बोटभर सरकायचा. दुसरी ओळ, थप्प. घंटी नव्हती, पण मी शपथेवर सांगतो, प्रत्येक थप्पेआधी मला घंटी ऐकू येत होती. पान भरलं तेव्हा मॉनिटर पार भिंतीकडं तोंड करून बसला होता. तो मी सरळ केला. एकही चूक नव्हती.

"झ्याक!" मुलीचे वडील म्हणाले. "कागुद कुटंय?"

"कागदाचं मशीन वेगळं असतं. ते नाही आमच्याकडं," ताई म्हणाली.

"बरं. मंग आत ऱ्हातंय का हे? बंद करून परत लावा बरं."

मोटारी भरणारा माणूस. यंत्र एकदा चाललं याला तो चाललं म्हणत नाही. मी बंद केलं. परत लावलं. चार आकडे, किर्र किर्र, हिरवी रेघ. मागं काही नाही. पान गेलं होतं.

"कुटं गेलं?"

खोलीतल्या सगळ्यांनी ताईकडं पाहिलं. ताईनं माझ्याकडं पाहिलं. तिला उत्तर माहीत नव्हतं, आणि ती खोटं बोलणार नव्हती. फ्लॉपीवरही मजकूर ठेवता येतो, हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्या क्षणी मला एवढंच माहीत होतं की जिथं ते पान राहायचं ती जागा गच्चीवर मिरच्यांजवळ पडली आहे.

"त्याला आठवण राहत नाही," मी म्हणालो. "म्हणजे राहत होती. आणला तेव्हा नीट होता. मी त्यात तेल घातलं."

"त्याल?"

"शिलाई मशीनचं. शनिवार होता."

त्यांचीच मुलगी फिसकन हसली आणि तिनं तोंडावर हात दाबला. तिचे वडील हसले नाहीत. "मला त्या दिशीच वास आल्ता," ते म्हणाले. "म्हनलं बघू कोन सांगतंय. आवो, बेअरिंगला त्याल घालत्यात. त्यात काय हुतं?"

"आरसा होता."

"आरशाला कोन त्याल लावतं?"

ताई उठली. तिनं त्यांच्याकडं पाहून म्हटलं, "दादा, मी वीस वर्षं शिकवते. मुली दिवसभर टाइप करतात ते सगळे कागद मी संध्याकाळी बंबात घालते, आंघोळीचं पाणी तापवायला. एकही ठेवत नाही. यावर लिहिलेलं गेलं तर जाऊ दे. मुलींची बोटं बसली की झालं. परवापासून मी दोन्ही शिकवणार. तुम्हाला पटलं तर पाठवा. नाहीतर मी माझा शब्द पुरा करू शकले नाही, असं बाकीच्या सहा घरी स्वतः जाऊन सांगेन."

मुलीच्या वडिलांनी पुढं होऊन एका बोटानं एक अक्षर दाबलं. पडद्यावर ते उमटलं. आणखी एक दाबलं. मग खिशातून आपट्याची पानं काढली, एक ताईच्या हातात दिलं, एक कॉम्प्युटरवर ठेवलं, मुलीला म्हणाले, "बस, शिक."

मी पानासाठी हात पुढं केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि उरलेली पानं खिशात परत घातली.

"बाई, पोरी यतील, साती यतील. पन ह्यो मानूस ह्या खोलीत दिसला, तर पोरगी उठवून घिऊन जाईन."